पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हिया आरएससाठी बदली इंजिन कसे निवडावे

स्कोडाने ऑक्टाव्हियाची आरएस आवृत्ती २००४ साली भारतात विक्रीस आणली, तेव्हा १७८१ सीसीचे, टर्बो बसवलेले, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले आणि १५० पीएस शक्तीचे पेट्रोल इंजिन कौटुंबिक सेडानमध्ये मिळणे ही आपल्या रस्त्यांवर दुर्मीळ गोष्ट होती. ऑक्टाव्हियाची जोडणी तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्रा येथील कारखान्यात होत असे, त्यामुळे मराठी मुलखात या गाडीविषयी थोडा घरचा जिव्हाळाही आहे. आता त्या गाड्या वीस वर्षांच्या झाल्या आहेत, बहुतेकींचे दोन-तीन मालक बदलले आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना कधी ना कधी गॅरेजमध्ये ‘साहेब, इंजिनच बदलावे लागेल’ हे वाक्य ऐकावे लागते. असे सांगितले गेल्यावर बहुतेक जण इंजिन कुठे आणि कितीला मिळेल याची चौकशी सुरू करतात. चौकशीची सुरुवात मात्र जुन्या इंजिनाचे नेमके काय झाले येथून व्हायला हवी, कारण कोणते इंजिन घ्यावे, किंबहुना घ्यावे की नाही, हे त्या उत्तरावरच ठरते.

आधी निदान

टायमिंग बेल्ट तुटला किंवा त्याचा टेन्शनर निकामी झाला, तर या इंजिनात पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. वीसपैकी बरेच व्हॉल्व्ह वाकतात, गाडी चालता चालता बंद पडते, कंप्रेशन लागत नाही, आणि इंजिन गेल्याचा निष्कर्ष लगेच काढला जातो. अशा वेळी हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवून पिस्टनचे माथे पाहावेत. त्यांवर व्हॉल्व्हच्या नुसत्या खुणा असतील, कुठे तडा नसेल आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे नसतील, तर खालचा भाग बहुधा शाबूत असतो आणि गरज फक्त हेडच्या कामाची असते. हे काम करताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सोडियम भरलेले आहेत हे ध्यानात ठेवावे; त्यांच्या जागी मापात बसतात म्हणून भलतेच साधे व्हॉल्व्ह घालण्याचा स्वस्त उपाय टर्बो इंजिनात फार दिवस टिकत नाही.

दुसरे आणि अधिक गंभीर कारण तेलाचे आहे. टर्बोच्या उष्णतेने तेल जळून त्याचा काळा, चिकट गाळ बनतो, तो तेलपंपाच्या जाळीत अडकतो, दाब पडतो आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग वाजू लागतात. १.८ टर्बो इंजिनांची ही खोड जुनी आहे. अमेरिकेत १९९८ ते २००४ या काळातल्या पसाट गाड्यांसाठी स्कोडाची मालक कंपनी फोक्सवॅगनला या गाळापोटी इंजिनाची हमी वाढवून द्यावी लागली होती. ऑक्टाव्हियात इंजिन आडवे बसते आणि पसाटमध्ये उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, त्यामुळे आपल्याकडे हा त्रास तुलनेने कमी आहे. पण स्वस्तातले मिनरल तेल आणि लांबवलेली सर्व्हिस हे दोन्ही एकत्र आले, की आडव्या इंजिनातही तोच गाळ साचतो. बेअरिंग वाजत असताना गाडी पुढे दामटली असेल तर क्रँक घासला जातो, आणि त्याच तेलावर चालणारा टर्बोही बहुधा त्याच वाटेवर असतो. म्हणून या कारणाने गेलेल्या इंजिनाच्या जागी दुसरे बसवताना जुना टर्बो, जुना ऑइल कूलर आणि टर्बोची जुनी तेलनळी न तपासता नव्या इंजिनाला जोडणे म्हणजे जुना रोग नव्या इंजिनात सोडणे होय.

निळा धूर ही स्वतंत्र बाब आहे. थंड इंजिन सुरू करताना येणारा धूर, घाटात उतरताना इंजिन ब्रेकिंगनंतर येणारा धूर आणि बूस्टखाली, म्हणजे टर्बो जोर लावत असताना, येणारा धूर यांची कारणे निरनिराळी असतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशांचे मूळ व्हॉल्व्ह स्टेम सील, टर्बो किंवा तुंबलेला ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर नेणारी नळी) यांत असते. पाणी उकळून गेलेले इंजिन असेल तर मूळ पाणीपंपाचे प्लॅस्टिकचे पाते तुटले आहे का, हे आधी पाहावे. मग हेडची पातळी सरळपट्टी आणि फीलर गेजने मोजावी, ०.१ मिमीपेक्षा अधिक वाक असेल तर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग तासून सपाट करणे, भाग पडते, आणि तेवढ्यासाठी कोणी इंजिन बदलत नाही.

निदान आकड्यांवर व्हावे. चारही सिलिंडरांचे कंप्रेशन गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून आणि बॅटरी पूर्ण भरलेली असताना घ्यावे. या इंजिनात सुमारे ७ बार ही झिजेची मर्यादा मानली जाते आणि सिलिंडरा-सिलिंडरांत ३ बारपेक्षा जास्त फरक चालत नाही. आकडा कमी आला तर त्याच सिलिंडरची लीक-डाउन चाचणी करावी, म्हणजे त्यात दाबाची हवा सोडून ती कुठून निसटते ते पाहावे: हवा ऑइल फिलरमधून फुसफुसली तर रिंग, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि पाण्याच्या टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड. ही चाचणी करायला ज्या गॅरेजकडे साधन नाही, त्याच्याकडून इंजिन बदलून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वतःचाच ब्लॉक वाचवता येतो का

कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला नसेल, तर पहिला पर्याय स्वतःच्या ब्लॉकचा, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागाचा, धरावा. ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे, सिलिंडरचे मूळ माप ८१ मिमी आहे आणि अर्धा मिमी ओव्हरसाइज पिस्टनवर जाण्याची सोय आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या चांगल्या मशीन शॉपमध्ये बोअरिंग (सिलिंडर रुंद करणे), होनिंग (त्याच्या भिंती घासून तयार करणे), क्रँक ग्राइंडिंग आणि हेड फेसिंग ही कामे रोजची आहेत. अडचण कौशल्याची कमी आणि सुट्या भागांची जास्त असते. त्यामुळे क्रम उलटा होऊ देऊ नये. ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंग आधी हातात घ्याव्यात, ते मोजून घ्यावेत आणि मगच ब्लॉक बोअरिंगला द्यावा, कारण बोअर झालेला ब्लॉक आणि न मिळणारे पिस्टन या अवस्थेत महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाड्या बऱ्याच गॅरेजांच्या मागच्या अंगणात दिसतात.

मशीन शॉपकडून प्रत्येक सिलिंडरची मापे तीन उंचींवर आणि दोन दिशांनी लिहून घ्यावीत. मूळ मापापासून ०.०८ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर नुसत्या नव्या रिंग घालून भागत नाही. हेडचे बोल्ट आणि रॉडचे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात. ते नवे घ्यावेत आणि ‘जुनेच चालतात’ हे ऐकून घेऊ नये. गाळामुळे इंजिन गेले असेल तर ब्लॉकमधल्या तेलवाहिन्यांचे प्लग काढून त्या ब्रशने साफ करून घेणे हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे कलम आहे.

या पर्यायाचा मोठा फायदा असा की गाडीचा इंजिन नंबर तोच राहतो आणि कागदपत्रांचा प्रश्न उद्भवतच नाही. तोटा वेळेचा आणि विश्वासू माणसाचा. मापे घेणारा, प्रत्येक बेअरिंगचा क्लिअरन्स तपासणारा आणि घाई न करणारा मेकॅनिक उपलब्ध नसेल, तर चांगल्या स्थितीतले वापरलेले इंजिन हे वाईट रीतीने बांधलेल्या इंजिनापेक्षा नक्कीच बरे.

तीन अक्षरांचा कोड

वापरलेले इंजिन घेण्याचे ठरले, की पहिले काम आरसी उघडण्याचे. फोक्सवॅगन समूहाच्या या काळातल्या इंजिन नंबरात आधी तीन अक्षरे आणि मग सहा आकडे असतात, आणि ती तीन अक्षरे हाच इंजिनाचा कोड असतो. हीच अक्षरे टायमिंग बेल्टच्या वरच्या कव्हरवरील चिकटपट्टीवर, डिकीतल्या माहितीपट्टीवर आणि ब्लॉकवर कोरलेल्या नंबरातही सापडतात. चौघांत मेळ आहे का हे आधी पाहावे. मेळ नसेल, तर या गाडीचे इंजिन पूर्वीच कधीतरी बदलले गेले आहे आणि ते कागदावर आलेले नाही, असे समजावे. नव्या इंजिनाचा विचार करण्याआधी तो घोळ निस्तरावा लागेल.

कोडला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी ‘१.८ टर्बो’ या एकाच नावाखाली किती वेगवेगळी इंजिने येतात ते पाहावे लागते. एजीयू हे जुने १५० पीएसचे इंजिन. त्याचा थ्रॉटल केबलने चालतो आणि हेडचे इनटेक पोर्ट, म्हणजे हवा आत जाण्याचे मार्ग, मोठे आहेत. एयूएम हे नंतरचे, तेवढ्याच शक्तीचे, पण त्याचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, पोर्ट लहान आहेत आणि ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या संगणकाची) पिढीच वेगळी आहे. म्हणजे दोन्हींची शक्ती सारखी, बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही जुळी, आणि तरीही एकाचे इनटेक मॅनिफोल्ड दुसऱ्यावर बसत नाही. आतल्या भागांतही फरक आहे: आरंभीच्या इंजिनांत पिस्टनची पिन २० मिमीची होती, नंतरच्यांत ती १९ मिमीची झाली, त्यामुळे एकाचे पिस्टन दुसऱ्याच्या रॉडवर चढत नाहीत.

याहून मोठी फसगत उभ्या बसणाऱ्या इंजिनांत होते. ऑडी ए४ आणि पसाट यांतही १.८ टर्बोच आहे, विक्रेता ‘एकच इंजिन आहे, साहेब’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगतो, आणि ते स्वस्तही मिळते. पण ती इंजिने गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतात. त्यांचे माउंट, ऑइल फिल्टरची बैठक, संप (तळाची तेलटाकी) आणि मॅनिफोल्ड सारे निराळे. जुन्या ए४ मधल्या इंजिनात तर तेलपंप टायमिंग बेल्टवर फिरणाऱ्या मधल्या शाफ्टने चालतो, आणि आपल्या इंजिनात तो क्रँकवरून साखळीने चालतो. ब्लॉकवरचा ओतीव क्रमांक पाहिला की हा भेद चटकन कळतो: ऑक्टाव्हियात बसणाऱ्या आडव्या ब्लॉकचा क्रमांक ०६ए ने सुरू होतो, त्या जुन्या उभ्या ब्लॉकचा ०५८ ने, आणि नंतरच्या उभ्या ब्लॉकांचा ०६बी ने. उभ्या इंजिनातले काही भाग उपयोगी पडतात हे खरे. परंतु संपूर्ण इंजिन म्हणून ते घेऊ नये.

तात्पर्य, आरसीवर जी तीन अक्षरे आहेत तीच असलेले इंजिन शोधावे. ते मिळेना, तर त्याच ०६ए कुटुंबातले जवळचे इंजिन घेऊन त्यावर आपल्याच गाडीचे इनटेक, थ्रॉटल, सेन्सर, इंजेक्टर आणि वायरिंग चढवता येते का, हे कोडनिहाय तपासावे. आपल्या गाडीचा ईसीयू, मीटर कन्सोल आणि किल्ली यांना मात्र हात लावू नये. या पिढीत इम्मोबिलायझर (चोरी रोखणारे इलेक्ट्रॉनिक कुलूप) मीटरमध्ये असतो आणि तो ईसीयूशी बांधलेला असतो. दुसऱ्या गाडीचा ईसीयू आणून जोडला तर इंजिन क्षणभर चालू होऊन बंद पडते आणि मग ‘इंजिनच खराब निघाले’ असा गैरसमज होतो.

बाजारात इंजिन पाहताना

मुंबईत कुर्ल्याचा बाजार, दिल्लीत मायापुरी आणि चेन्नईत पुदुपेट ही वापरलेल्या भागांची मोठी ठिकाणे. अशा ठिकाणी इंजिन बहुधा जमिनीवर पडलेले, तेल काढलेले आणि वरून डिझेलने धुऊन चकचकीत केलेले असते. चकचकीतपणाला भुलू नये. तेल-धुळीचा जुना थर असलेले, सील आणि बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा नसलेले इंजिन त्याहून जास्त बोलके असते. गाडीसकट इंजिन दिसत असेल, म्हणजे मागून ठोकर बसलेली आणि अजून सुरू होणारी गाडी सापडत असेल, तर त्यासाठी जास्त पैसे मोजणे हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत शहाणपणाचा खर्च ठरतो. सुरू इंजिनावर थंड असतानाचा आवाज ऐकता येतो, गरम झाल्यावर तेलदाब मोजता येतो आणि ईसीयूतील दोषांची नोंद वाचता येते. तेल पूर्ण तापल्यावर २००० आरपीएमला दाब ३ बारच्या बराच खाली राहत असेल, तर आवाज कितीही गोड असला तरी ते इंजिन सोडून द्यावे.

जमिनीवरच्या इंजिनासाठी सोबत टॉर्च, बोरस्कोप (आत घालून पाहण्याचा नळीसारखा कॅमेरा), स्पार्क प्लगचा पाना, क्रँक फिरवण्यासाठी १९ मिमीचे बारा कोनी सॉकेट आणि शक्य असल्यास लीक-डाउनचा संच न्यावा. प्रथम ऑइल फिलरचे झाकण उघडून आत पाहावे. कॅमवर सोनेरी-तपकिरी झाक असेल तर हरकत नाही. काळा खडबडीत थर किंवा बोटाला लागणारा डांबरासारखा गाळ असेल तर पुढे काही पाहण्याची गरज नाही. त्यानंतर प्लग काढून क्रँक घड्याळाच्या दिशेने, हाताने, दोन पूर्ण फेरे फिरवावा. कुठेही अडकता कामा नये. अडकला तर जोर लावू नये, कारण तो वाकलेला व्हॉल्व्ह असू शकतो आणि मोडतोडीचे बिल आपल्या नावावर येईल. उलट दिशेने फिरवू नये. बेल्टचा दात सरकण्याचा धोका असतो.

बोरस्कोपने चारही सिलिंडरच्या भिंती पाहाव्यात. होनिंगच्या तिरप्या रेघा वीस वर्षांनंतरही बऱ्याच इंजिनांत स्पष्ट दिसतात. त्या दिसल्या की निम्मी काळजी मिटते. उभे ओरखडे किंवा गंजाचा आडवा पट्टा दिसला, तर इंजिन पाणी जाऊन उघड्यावर पडलेले आहे असे समजावे. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात प्लगविना ठेवलेल्या इंजिनांची ही हमखास दशा असते, आणि पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांची इंजिनेही याच वाटेने बाजारात येतात. इनटेकच्या तोंडात किंवा एअर फिल्टरच्या नळीत चिखलाची बारीक भुकटी सापडली तर ते इंजिन फुकटही घेऊ नये.

हे सारे ठीक वाटले तरी संप उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. विक्रेते याला सहसा राजी नसतात. तेव्हा मधला मार्ग असा, की इसार देऊन इंजिन आपल्या मेकॅनिककडे न्यावे, दोघांच्या समक्ष संप उघडावा, आणि जाळीत गाळ किंवा धातूचा चकाकणारा चुरा आढळल्यास इंजिन परत, असे बिलावर लिहून घ्यावे. तोंडी हमीला या बाजारात अर्थ नसतो. लेखी अट मान्य करणारा विक्रेता थोडा महाग पडला तरी त्याच्याकडूनच घ्यावे. अट ऐकून ज्याचा सूर बदलतो त्याने आपल्या मालाविषयी सांगायचे ते सांगितलेले असते.

मोठ्या इंजिनाचा मोह

इंजिन बदलायचेच आहे, तर मग मोठेच का घेऊ नये, हा प्रश्न आरएसच्या मालकाला पडणे स्वाभाविक आहे, कारण युरोपातल्या आरएसला १८० पीएसचे एयूक्यू इंजिन होते आणि आपल्याला १५० वरच समाधान मानावे लागले, ही सल जुनी आहे. एयूक्यू ०६ए कुटुंबातलेच असल्याने यांत्रिकदृष्ट्या ते बसते. गिअरबॉक्सचे गणितही जमते: पाच गिअरची ०२जे गिअरबॉक्स सुमारे २५० न्यूटन-मीटर टॉर्कसाठी बनवलेली आहे, मूळ १५० पीएस इंजिनाचा टॉर्क २१० आहे आणि एयूक्यूचा २३५. पण ही जागा लवकर संपते. ऑडी टीटी आणि एस३ मधल्या २२५ पीएसच्या, मोठा के०४ टर्बो असलेल्या इंजिनासोबत सहा गिअरची वेगळी, दणकट गिअरबॉक्स येत असे, ती उगीच नव्हे. ते इंजिन ०२जे ला जोडले तर पुढचा खर्च क्लच, गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्ट यांवर होत राहतो, आणि ब्रेक व इंटरकूलर यांचा हिशेब त्यानंतर सुरू होतो.

लॉरा आणि त्यानंतरच्या गाड्यांतले १.८ टीएसआय इंजिन भारतात सहज मिळते, म्हणून तेही सुचवले जाते. नावात १.८ आणि टर्बो सोडले तर त्याचे या इंजिनाशी फारसे नाते नाही. ते थेट सिलिंडरात पेट्रोल फवारते, त्यासाठी उच्च दाबाचा पंप आणि वेगळी इंधनव्यवस्था लागते, त्याचे टायमिंग साखळीवर आहे, माउंट वेगळे आहेत आणि त्याचे इलेक्ट्रॉनिक्स आपल्या गाडीच्या मीटरशी बोलत नाही. शिवाय त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना साखळीच्या टेन्शनरची आणि तेल पिण्याची स्वतःची दुखणी आहेतच. असे काम करणारे हौशी लोक जगात आहेत आणि त्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटते. रोज चालवायच्या गाडीत मात्र ते करू नये. शक्तीच वाढवायची असेल, तर निरोगी मूळ इंजिन, नवा टर्बो, गळती नसलेल्या नळ्या आणि स्वच्छ इंटरकूलर एवढ्यावर गाडी किती बदलते हे आधी अनुभवावे. वीस वर्षांच्या बहुतेक आरएस १५० पीएससुद्धा देत नसतात, हे पुष्कळदा विसरले जाते.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावावे असेच ठरवले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्याच मेकचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बसवणे आणि वेगळ्या क्षमतेचे वा वेगळ्या शक्तीचे इंजिन बसवणे यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक पडतो. इंजिन नंबरातली पहिली तीन अक्षरे तीच असतील, तर आरटीओतील अधिकाऱ्याला समजावून सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

आरटीओत आधी अर्ज करून परवानगी घ्यावी, मग काम करावे, आणि बदल झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत आरसीवर नव्या नंबरची नोंद होण्यासाठी कळवावे. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेची लेखी संमती लागते. विमा कंपनीलाही नवा नंबर लेखी कळवावा, कारण दाव्याच्या वेळी सर्वेक्षक तो नंबर पाहतो. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, आणि त्या तपासणीत चॅसिस व इंजिन नंबर ताडून पाहिले जातात. म्हणजे २००५ च्या गाडीचे इंजिन गुपचूप बदलले तर ते फार तर पुढच्या नूतनीकरणापर्यंत झाकलेले राहील.

विक्रेत्याकडून तीन गोष्टी घ्याव्यात: इंजिन नंबर लिहिलेले पक्के बिल, ज्या गाडीतून इंजिन निघाले तिच्या आरसीची किंवा नोंदणी रद्द झाल्याच्या दाखल्याची प्रत, आणि इंजिन परदेशातून आलेले असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क खात्याचा आयात दस्तऐवज. मूळ गाडीचा क्रमांक मिळाला की राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेवर ती चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, हे पाहता येते. नंबराची जागा घासलेली, पुन्हा कोरलेली किंवा वेल्डिंग केलेली दिसली तर किंमत विचारण्याच्याही भानगडीत न पडता निघून यावे.

सोबतची खरेदी

इंजिनाच्या किमतीत इंजिनाचा खर्च संपत नाही, म्हणून अंदाजपत्रक करतानाच पुढील भाग धरून चालावे: टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि धातूच्या पात्याचा पाणीपंप, क्रँकची दोन्ही सील, थर्मोस्टॅट, तेलपंपाची जाळी, टर्बोची तेलनळी, ब्रीदरच्या साऱ्या नळ्या, कारण त्या हात लावताच तुटतात, आणि क्लच. ड्युअल मास फ्लायव्हील (क्लच ज्यावर बसतो ते दोन भागांचे जड चाक) हाताने हलवून त्याचा ढिलेपणा तपासावा. इंजिन खाली असताना तो बदलणे सोपे, नंतर पुन्हा गिअरबॉक्स उतरवणे महाग. वापरलेल्या इंजिनातला टायमिंग बेल्ट विक्रेत्याने कितीही नवा असल्याचे सांगितले तरी बदलावाच, कारण या इंजिनात तो तुटल्याची किंमत वर आली आहेच. पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी इंधन आणि ठिणगी बंद ठेवून तेलदाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवावे, फोक्सवॅगनचा ५०२.०० हा निकष पाळणारे सिंथेटिक तेल घालावे, आणि पहिले तेल व फिल्टर साधारण हजार किलोमीटरच्या आत बदलून त्यात काय निघाले ते पाहावे.

आणि जुना ब्लॉक लगेच भंगारात देऊ नये. आरसीवर नव्या नंबरची नोंद होऊन हातात येईपर्यंत तो तेल लावून, झाकून ठेवावा. अर्ज फेटाळला गेला, तर कागदोपत्री तुमच्या गाडीचे इंजिन अजून तोच असतो, आणि बोअरिंगला नेण्यासाठी तो हाताशी असावा लागतो.